अनुभव धागा: पासवर्ड हॅशिंगचं सेटिंग बदललं आणि…

लोकहो, मागे कामावर मी एक ओळ बदलली. पायथनच्या पासलिब लायब्ररीत क्रिप्टकाँटेक्स्ट म्हणून एक प्रकार असतो. त्याला हॅशच्या (पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचा उलटा न फिरवता येणारा ठसा ठेवायच्या) पद्धतींची यादी द्यायची; पहिली असेल ती नव्या पासवर्डांना लागते, बाकीच्यांवर 'डिप्रिकेटेड ऑटो' असा शिक्का मारला की जुना हॅशवाला लॉगिन करताना त्याचा हॅश आपोआप नव्या पद्धतीत बदलून मिळतो. आमच्या यादीत बीक्रिप्ट आणि त्याच्या मागे पार जुनं एमडी५-क्रिप्ट होतं. मी सगळ्यांच्या पुढे आर्गॉन२ लावलं. एका ओळीचा फरक, सीनियरने चहा संपायच्या आत अप्रूव्ह केला.

ॲप हजेरीचं आहे. सोमवारी सकाळी साडेनऊला अख्खी कंपनी एकदम लॉगिन करते, हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं. पासलिबमध्ये आर्गॉन२ला काहीच सांगितलं नाही तर एका हॅशला ते ६४ एमबी मेमरी घेतं. सर्व्हर २ जीबीचा. पंचवीस जण एका वेळी आले की १६०० एमबी नुसती हॅशिंगलाच. त्यातून जुना बीक्रिप्टवाला माणूस आला की आधी बीक्रिप्ट तपासायचं आणि मग आर्गॉन२ करायचं, म्हणजे काम दुप्पट. मेमरी संपली तशी लिनक्सच्या कर्नलने बिनदिक्कत प्रोसेस मारायला सुरुवात केली. हजेरी लागत नाही म्हटल्यावर लोक जेवढ्या वेळा बटण दाबतात, तेवढ्या वेळा दाबलं.

शेवटी ओवॅस्पच्या (वेब सुरक्षेवर काम करणारी संस्था) शिफारशीतले आकडे हातानं लिहिले: १९ एमबी मेमरी, २ फेऱ्या, पॅरलल १. तेव्हापासून शांत आहे. तर तुमच्याकडे काय काय झालं ते सांगा. लायब्ररी कुठलीही चालेल.

सेमीकोलन:
माझं पीएचपीचं आहे आणि लाजिरवाणं आहे. एका कॉलेजची प्रवेशाची साइट होती, पासवर्ड शा-१ या जुन्या हॅशमध्ये. मी फुशारकीने पासवर्ड-हॅश फंक्शन आणलं, डीफॉल्ट बीक्रिप्ट. लोकलवर सगळं झकास. लाइव्हवर नवीन विद्यार्थी नोंदणी करतोय, 'अभिनंदन' दिसतंय, पण लॉगिन होईना. पासवर्ड रीसेट केला तरी होईना. माझ्या मशीनवर मात्र होतंय.

बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा. लाइव्हच्या डेटाबेसमधला कॉलम शा-१च्या मापाने शिवलेला, ४० अक्षरांचा. मायएसक्यूएल जुनं, स्ट्रिक्ट मोड बंद. त्याने एरर न देता शेवटची वीस अक्षरं गुपचूप कापून टाकली होती. दोन दिवसांत नोंदणी केलेल्या प्रत्येकाचा हॅश शेपूट तुटलेला, परत मिळवायचा प्रश्नच नाही. सगळ्यांना मेल करून पासवर्ड पुन्हा ठेवायला लावले. पीएचपीच्या दस्तऐवजातच २५५चा कॉलम ठेवा असं लिहिलंय. तेव्हा वाचलं असतं तर!

नाशिककरीण:
आम्ही मराठी वाचकांसाठीच्या साइटवर काम करायचो. लांबलचक वाक्य पासवर्ड म्हणून ठेवा असा सल्ला आम्हीच देत होतो, तोही देवनागरीत चालेल असं कौतुकाने लिहून. एक दिवस टेस्टिंगवाली पोरगी म्हणाली, "ताई, माझा पासवर्ड चुकवला तरी आत जातंय."

तिचा टेस्टचा पासवर्ड होता 'आजीच्या फडताळातला लाडवाचा डबा'. तिने डब्याच्या जागी 'फडशा' टाकला. दार उघडलं. 'लाडवाचा सत्यानाश' टाकलं, तरी उघडलं.

बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं हे मला पाठ होतं, पण ७२ म्हणजे भरपूर असं डोक्यात बसलेलं, कारण इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो. यूटीएफ-८मध्ये (मजकूर बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीला तीन लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त यांचे प्रत्येकी वेगळे तीन. कागदावर मोजलं. आजीच्या: सात चिन्हं, २१. जागा १. फडताळातला: २७. जागा १. लाडवाचा: २१. जागा १. झाले बरोब्बर ७२. डबा बाहेरच राहिला. म्हणजे आपल्या भाषेत ही मर्यादा जेमतेम २४ चिन्हांची आहे, आणि आम्ही लोकांना वाक्य लिहायला सांगत होतो.

पासलिबमध्ये ट्रंकेट-एरर नावाचं सेटिंग आहे, ते चालू केलं की लांब पासवर्ड कापण्याऐवजी नाकारला जातो. मूळचं ते बंद असतं. का, ते बनवणाऱ्यांनाच ठाऊक. आम्ही आधी ते चालू केलं आणि मग आर्गॉन२वर गेलो, कारण 'तुमचा पासवर्ड फार मोठा आहे' असं चोवीस चिन्हांवर वाचकाला सांगायला जीभ रेटेना.

आणखी एक, मराठीवाल्यांनी लक्षात ठेवा. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्तावाला ऱ, हलन्त, य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे, म्हणून हॅशही वेगळा. फोनवर चालणारा पासवर्ड लॅपटॉपवर चालत नाही अशी एका काकांची तक्रार आम्ही महिनाभर 'कॅप्स लॉक बघा' म्हणून परतवली होती. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं तरी हे दोन एक होत नाहीत. आम्ही हॅश करण्याआधी एका रूपाचं दुसरं करणारी चार ओळींची फंक्शन लिहिली.

कोकणी कर्नल:
@नाशिककरीण, त्याच ७२चा मला उलटा फटका बसला. पासवर्ड 'टेस्ट', चार अक्षरं, आणि एरर काय, तर पासवर्ड ७२ बाइटांपेक्षा मोठा आहे! अर्धा दिवस मी फॉर्ममधून काही भलतंच येतंय का तेच शोधत बसलो.

पायथनच्या बीक्रिप्ट मॉड्यूलची ५.० आवृत्ती २०२५मध्ये आली आणि तिने लांब पासवर्ड निमूट कापणं बंद करून एरर द्यायला सुरुवात केली. ते योग्यच. पण पासलिब पहिल्यांदा बीक्रिप्ट वापरताना एक जुना बग आहे का ते तपासायला स्वतःच एक लांब पासवर्ड हॅश करून बघतं, आणि तिथेच आपटतं. तुमच्या पासवर्डचा संबंधच नाही. पासलिबची शेवटची आवृत्ती १.७.४, २०२०ची. त्यानंतर नवी आवृत्ती आलेली नाही.

मी तूर्त बीक्रिप्ट ५.०च्या आधीच्या आवृत्तीवरच बांधून ठेवलं. धागाकर्त्यांनी नव्या कामात पासलिब घेऊ नये असं माझं मत. पायथन ३.१३मधून त्याचं स्वतःचं हॅशिंगचं क्रिप्ट मॉड्यूलही गेलं, पासलिब त्यावरही टेकलेलं होतं.

रात्रपाळी:
जँगो, म्हणजे पायथनचं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क. हे वाचून हसू नका.

जँगोत टेस्ट हळू चालतात कारण प्रत्येक खोट्या युजरसाठी पीबीकेडीएफ२ या मूळच्या हॅश पद्धतीच्या लाखो फेऱ्या होतात (५.२ आवृत्तीत पूर्ण १० लाख). म्हणून टेस्टच्या सेटिंगमध्ये एमडी५चा हॅशर वर ठेवायचा, हे त्यांच्या दस्तऐवजातच सांगितलंय. आमच्याकडे ती ओळ एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर (कोडबाहेर, सर्व्हरवर ठेवायचं सेटिंग) होती. कुणीतरी सर्व्हर नवीन उभा करताना ते व्हेरिएबल तसंच नेलं.

नवे पासवर्ड एमडी५मध्ये जातील एवढंच मला वाटलं होतं. पण जँगो दर लॉगिनला बघतं की हॅश यादीतल्या पहिल्या पद्धतीचा आहे का, नसेल तर बदलतं. त्याला मजबूत काय नि कमजोर काय याच्याशी देणंघेणं नाही, फक्त पहिला कोण. त्यामुळे चांगले पीबीकेडीएफ२चे हॅश लॉगिनगणिक एमडी५ होत गेले. अपग्रेडची सोय उलट्या पायांनी चालली. लॉगिन झटपट होतंय म्हणून क्लायंटने कौतुकाचा मेलसुद्धा पाठवला होता. यादी सरळ केल्यावर पुन्हा लॉगिन करणारे आपोआप वर आले, पण मधल्या काळातले बॅकअप शोधून पुसायला आठवडा गेला.

पेन्शनर:
आमच्या वेळच्या युनिक्समध्ये पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जायची. विभागातले साहेब मोठ्या ऐटीत तेरा अक्षरांचा पासवर्ड ठोकायचे. शिपायासकट सगळ्यांना माहीत होतं की आठवर एंटर मारली तरी चालतं.

ओटीपीवाला:
स्प्रिंग सिक्युरिटी (जावातली लॉगिन सांभाळणारी लायब्ररी) ५वर गेलो आणि आयडी 'नल'साठी पासवर्ड एन्कोडर नाही अशी एरर आली. जुन्या हॅशांपुढे महिरपी कंसातला बीक्रिप्टचा शिक्का नव्हता, एवढंच. एका एसक्यूएलमध्ये चिकटवला. नेटवर कुणीतरी 'नोऑप' लावायला सांगत होतं. ते लावलं तर पासवर्ड उघडाच समजला जातो. तसं केलेलं एक प्रॉडक्शन मी डोळ्यांनी पाहिलंय.

जुनी वही:
सगळे लॉगिन झाल्यावर हॅश बदलतो म्हणताय. जे येतच नाहीत त्यांचं काय? आमच्याकडे वर्षानुवर्षं न आलेल्या सभासदांचे सॉल्टविना (प्रत्येक पासवर्डात मिसळायचा वेगळा तुकडा न घातलेले) शा-१ पडून होते. साहेबांना पटेना. मग लिंक्डइनचं सांगितलं: २०१२ला तिथून फुटलेलेही असेच सॉल्ट नसलेले शा-१ होते. तेव्हा होकार मिळाला.

उपाय सोपा होता, जुना शा-१चा हॅश हाच पासवर्ड समजून त्यावर बीक्रिप्ट चढवायचं आणि त्या खात्यापुढे 'गुंडाळलेला' अशी खूण ठेवायची. तो माणूस कधी आलाच तर आधी शा-१, मग बीक्रिप्ट, जुळलं की शुद्ध नवा हॅश. कॉस्ट (बीक्रिप्ट किती वेळखाऊ ठेवायचं तो आकडा) १२ला आमच्या मशीनवर एका हॅशला पाव सेकंद लागत होता, म्हणजे लाखभर खात्यांना एका कोअरवर सात तास. रात्री अकराला सोडलं, सकाळी दूधवाला आला तेव्हा संपत आलं होतं. एक सांभाळा: शा-१चा बायनरी (कच्चे बाइट) घेऊ नका, हेक्स (आकडे-अक्षरांत लिहिलेला) घ्या. बायनरीत मध्येच शून्य बाइट आला तर बीक्रिप्टच्या काही अंमलबजावण्या तिथेच थांबतात.

धागाकर्ता:
@जुनी वही, हे आजच करतो. आमच्याकडे एमडी५-क्रिप्टची सतरा खाती अजून उरलीत. सोळा सोडून गेलेल्यांची आहेत, ती बंद करतोय. सतरावं कंपनीच्या मालकांचं. त्यांच्या फोनवर ॲप एकदा लॉगिन झालंय ते कधी बाहेर पडलेलंच नाही, त्यामुळे पासवर्ड तपासला जात नाही आणि हॅशही बदलत नाही. त्यांना एकदा लॉगआउट करा म्हणून कोण सांगणार, यावर दुपारी मीटिंग आहे.