झूमवर पखवाज तुटतो, पेटी विरते – काय करावं?

सड्यावरचा: मंडळी, दशावतारी नाटक आणि चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) यांवर दीड तासाचा ऑनलाइन परिसंवाद आहे. कुडाळहून पेटी-पखवाजवाले, पिंगुळीहून चित्रकथी मांडणारे, शिवाय दोन अभ्यासक. चाचणीत बोलणं स्वच्छ येतं, पण पखवाजावर थाप पडली की आवाज तुटतो आणि पेटीचा लांब सूर विरून जातो. नेट बरं आहे. माईक घ्यावा का?

माडाखाली: माईक राहू द्या, आधी सेटिंग बघा. झूम माणसाचं बोलणं ठेवतं, बाकीचं गोंगाट समजून दाबतं. पेटीचा धरून ठेवलेला सूर आणि पंख्याची घरघर त्याला सारखीच. लॅपटॉपवर ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' निवडा, मग मीटिंग सुरू झाल्यावर वरच्या बाजूला त्याच नावाचं बटण दिसेल तेही चालू करा. इथेच बहुतेकांचं राहून जातं. इको कॅन्सलेशन (स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरू न देणारी सोय) बंद ठेवणार असाल तर हेडफोन हवाच, नाहीतर आवाज घुमतो. पखवाजापासून लॅपटॉप तीन-चार फूट लांब. तरी थाप फाटली तर माईकची पातळी उतरवा. वाजवून झालं की बटण बंद, म्हणजे बोलताना पावसाची झड ऐकू जाणार नाही.

पेटी एका घरात, पखवाज दुसऱ्या घरात असं मात्र करू नका. आवाज पोचायला लागणाऱ्या वेळेत लय हुकतेच. दोघं एका खोलीत, एकाच लॅपटॉपवर. खोलीतल्या बाकीच्या फोनांचे माईक आणि स्पीकर दोन्ही बंद.

खाडीपलीकडे: चित्रकथीसाठी बॅकग्राउंड ब्लर आठवणीने काढा. तो चेहरा राखतो आणि हातातलं चित्र पुसतो. चित्र फळीला टेकवून ठेवा, उजेड बाजूने घ्या. चित्र स्वतःला उलटं दिसलं तरी समोरच्यांना सरळच दिसतं, म्हणून फिरवत बसू नका.

आणि फुकटचं खातं 40 मिनिटांनी मीटिंग तोडतं. तुमचा कार्यक्रम दीड तासाचा!

माडाखाली: जत्रांचे दिवस असतील तर सकाळची वेळ नकोच, रात्रभर नाटक करून मंडळी तेव्हा झोपलेली असतात. दुपारी चार बरे, पुढच्या गावाला निघायच्या आधी. अभ्यासकांनी आधी बोलायचं आणि उरल्या वेळात कलाकारांनी 'झलक' दाखवायची, हा रिवाज मोडाच. वादन आधी, मग त्यावर चर्चा.

सड्यावरचा: बरां झाला. लाईट गेली तर?

खाडीपलीकडे: राउटरला छोटा यूपीएस, आणि एका फोनवर दुसऱ्या कंपनीचा डेटा तयार. यजमानपद आधीच दुसऱ्या गावातल्या कुणाला तरी सहयजमान करून वाटून ठेवा.