शब्दचर्चा: डेंटिनला 'चिकटतं' की डेंटिनमध्ये 'मुरतं'?

पानगळ
दात भरून घेणाऱ्या रुग्णांसाठी असलेल्या एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे आणि एका वाक्यावर तीन दिवस अडले आहे. वाक्य साधंच आहे. दातात रेझिनची, म्हणजे उजेडाने घट्ट होणाऱ्या कृत्रिम द्रव्याची, भरणी करण्याआधी ॲडहेसिव लावतात आणि ते डेंटिनशी, म्हणजे दाताच्या वरच्या कडक कवचाखालच्या भागाशी, बॉंड होतं, एवढंच. मी लिहिलं, "हे चिकटद्रव्य डेंटिनला चिकटतं." मजकूर तपासणाऱ्या डॉक्टरांनी 'चिकटतं'खाली रेघ मारून लिहिलं, "चिकटत नाही. दुसरं क्रियापद बघा." मग 'बंध तयार होतो' असं केलं, तर समासात प्रश्न आला, "कुठला बंध?" 'जोडलं जातं' त्यांना चाललं असतं, पण मलाच ते पटेना. दोन नळ्या एकमेकींना जोडाव्यात तसं वाटतं.

त्याच परिच्छेदात "दात ओला ठेवतात" यातल्या 'ओला'वरही खूण आहे. पण आधी क्रियापद सुचवा.

अनुस्वार
यात अडण्यासारखं काय आहे? आसंजन. द्रव्य ते आसंजक. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना धरून राहतात ते आसंजन, एकाच पदार्थाचे कण आपसात धरून राहतात ते संसंजन. नेमके, घडवलेले शब्द आहेत. आपण ते वापरायचे नाहीत आणि मग मराठीत शब्द नाहीत म्हणून हळहळायचं, हे थांबायला हवं.

कानामात्रा
पत्रक कोण वाचणार, ते आधी बघा. खुर्चीत बसलेला, दुखऱ्या दाताचा माणूस. त्याच्या तोंडी 'दातात सिमेंट भरलं' हा शब्दप्रयोग आहे. 'आसंजक' वाचून तो पुढचं वाक्य वाचणारच नाही. आणि 'चिकटतं' यात वाईट काय आहे? डॉक्टरांना ते हलकं वाटलं असेल. आमच्या घरात तर 'चिटकतं' म्हणतात. तेही लिहिलेलं मला चालेल.

अनुस्वार
चिटकतं नव्हे, चिकटतं. वर्णांची अदलाबदल झालेलं बोलीरूप छापील पत्रकात नको.

दंतुर
मी दंतवैद्य आहे. रेघ मारणारा मी नव्हे, पण मीही मारली असती. 'चिकटतं' हलकं आहे म्हणून नव्हे, तिथे जे घडतं ते वेगळं आहे म्हणून. जरा सविस्तर लिहितो, मग शब्द ठरवा.

दाताच्या वरचं एनॅमल वजनाने जवळजवळ 96 टक्के खनिज. त्याखालचं डेंटिन मात्र साधारण 70 टक्के खनिज, 20 टक्के सेंद्रिय भाग, म्हणजे मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे तंतू, आणि 10 टक्के पाणी. शिवाय त्यात नळ्या असतात. एनॅमलजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे 20,000 आणि आत नसेजवळ 45,000 च्या आसपास. त्या नळ्या द्रवाने भरलेल्या असतात. म्हणजे हा पृष्ठभाग कायम आतून पाझरत असतो. सुक्या पाटीवर कागद डकवावा तसं इथे काही डकवता येत नाही.

कीड कोरताना भुकटीचा एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लेप बसतो आणि नळ्यांची तोंडं बुजतात. फॉस्फोरिक आम्ल साधारण 15 सेकंद लावलं की तो लेप जातो, तोंडं उघडतात आणि वरच्या काही मायक्रॉनमधलं खनिज विरघळतं. मागे राहतं कोलॅजनचं नुसतं जाळं, पाण्यात तरंगणारं. मग प्रायमर, म्हणजे रेझिनला वाट करून देणारा पातळ द्रव, लावायचा. त्यातल्या रेणूंचं एक टोक पाण्याशी जमवून घेणारं, दुसरं रेझिनशी. प्रायमरमधलं ॲसिटोन किंवा अल्कोहोल उडून जाताना पाण्याला सोबत घेऊन जातं आणि त्या जागी रेझिन शिरतं. निळ्या उजेडाखाली ते तिथल्या तिथे घट्ट होतं. आता तो थर धड डेंटिन नाही आणि धड रेझिनही नाही. जपानी संशोधक नाकाबायाशींनी 1982 साली त्याला हायब्रिड लेयर म्हटलं.

तर मला सांगा, याला 'चिकटणं' म्हणाल का? चिकटलेली वस्तू सोलून काढता येते. ही वेगळी करायची तर दातच घासावा लागतो.

रंधा
डॉक्टर, तुम्ही जे सांगताय त्याला आमच्याकडे 'पिणं' म्हणतात. मी लाकूडकाम करतो. लाकूड सरस पितं, भिंत रंग पिते. आधी अस्तर मारतात ते त्यासाठीच. न पिणाऱ्या पृष्ठभागावर रंग नुसता वर बसतो आणि पापुद्रा निघतो. "रंगाने पकड घेतली नाही" असं म्हणतात. तेव्हा 'डेंटिन प्रायमर पितं आणि रेझिन पकड घेतं' असं लिहा.

दंतुर
रंधा, आधी आम्ल लावायची ही युक्ती तुमच्यासारख्याच कामातून आलेली आहे. अमेरिकी दंतवैद्य ब्युओनोकोर यांनी 1955 साली एनॅमलवर 85 टक्के फॉस्फोरिक आम्ल 30 सेकंद लावून बघितलं. कल्पना कारखान्यांतली होती. रंग किंवा रेझिनचा लेप नीट बसावा म्हणून धातूवर आधी फॉस्फोरिक आम्ल लावत असत. एनॅमलवर तर ते रंगाच्या पकडीसारखंच असतं. आम्लाने खडबडीत होतं आणि रेझिन त्या खाचांत अडकतं. डेंटिनने मात्र पुढे अनेक वर्षं दाद दिली नाही.

पण पत्रकात 'पकड' नको. दात काढायच्या हत्याराला पकड म्हणतात. रुग्णाच्या डोळ्यांपुढे आधी तेच येईल.

पानगळ
'पिणं' फार सुंदर आहे, पण पत्रकात 'दात औषध पितो' असं वाचलं जाईल. डॉक्टरांचं वर्णन वाचताना माझ्या मनात 'मुरणं' आलं. पाणी जमिनीत मुरतं तसं रेझिन जाळ्यात मुरतं. कसं वाटतं?

कानामात्रा
मुरतं! हेच. आता बदलू नका.

अनुस्वार
मुरणं, जिरणं, भिनणं यांत फरक आहे, तो न पाहता एकदम टाळी देऊ नये. जिरतं ते दिसेनासं होतं. पाणी जिरलं की वर काही उरत नाही. भिनतं ते सर्वभर पसरतं, विष भिनतं, सूर भिनतो. मुरायला वेळ लागतो, आणि मुरलेली वस्तू ज्यात मुरते त्याचा स्वभाव बदलते. 'मुरलेला माणूस' म्हणतो ते त्यामुळेच. इथे सगळं अर्ध्या मिनिटात उरकतं, तर 'मुरणं' कसं बसेल? आणि 'कुठेतरी पाणी मुरतंय' या वाक्प्रचाराचं काय करणार? संशयाची छटा त्या शब्दाला चिकटलेली आहे.

पानगळ
स्वभाव बदलते, हे तर इथे तंतोतंत लागू आहे ना? डॉक्टर म्हणालेच, धड हे नाही धड ते नाही. वेळेचा मुद्दा मात्र मान्य.

दंतुर
वेळेबद्दल सांगतो. प्रायमर नुसता फासून भागत नाही. छोट्या ब्रशने तो चोळत राहावं लागतं, मग हलक्या हवेने द्रावक उडवावा लागतो. घाई केली तर रेझिन जाळ्याच्या तळापर्यंत पोचत नाही. खाली खनिज गेलेले, उघडे तंतू तसेच राहतात. मग तिथे पाणी शिरतं, रेझिनचं हळूहळू विघटन होतं, आणि डेंटिनमधलीच विकरं ते उघडं कोलॅजन खातात. तेव्हा अनुस्वार, तुमचा वाक्प्रचार इथे शब्दशः खरा आहे. भरणी काही वर्षांनी सुटते तेव्हा पाणी तिथेच मुरलेलं असतं. म्हणून मला रेझिनसाठी 'मुरणं' नको वाटतं. तो शब्द आमच्या शत्रूला आधीच लागलेला आहे. रेझिनसाठी 'भिनणं' घ्या.

रंधा
'भिनणं' विषासाठी. दातात काहीतरी भिनलं, हे वाचून मी तर उठून जाईन.

अनुस्वार
सूरही भिनतो, असं मी वर लिहिलं आहे. विष हा एकच संदर्भ नाही.

आणखी एक. आपण सगळे 'रेझिन' लिहितो आहोत. राळ हा चांगला शब्द कुठे गेला?

कानामात्रा
राळ झाडाची. ही प्रयोगशाळेतली. आणि 'राळ उडवणे' ऐकलं की मला आरोपच आठवतात. रेझिन राहू द्या, बॉंडिंग राहू द्या. दवाखान्यात 'बॉंडिंग केलं' असंच म्हणतात, रुग्णही तेच घरी सांगतो. रुळलेल्या शब्दाला बाहेर काढून तिथे नवा बसवण्याची ही हौस मला कळत नाही.

अनुस्वार
हौस नव्हे. बॉंडिंग म्हटल्यावर नेमकं काय होतं हे इथे डॉक्टर येईपर्यंत आपल्यापैकी कुणाला माहीत होतं का? मलाही नव्हतं. परका शब्द असला की आपण त्याच्या आत डोकावत नाही. मराठी क्रियापद शोधायला बसलो म्हणून तर पिणं, मुरणं, भिनणं यांतला फरक बघावा लागला.

कानामात्रा
हे मात्र खरं आहे. पण मग 'आसंजन' शब्दानेही ते सांगितलं नसतं.

अनुस्वार
नसतं. आसंजन मागे घेतो. पत्रकापुरतं.

पानगळ
'बंध'चं राहिलंच. डॉक्टरांनी "कुठला बंध?" असं का विचारलं असेल?

दंतुर
कारण शाळेपासून बंध म्हटलं की रासायनिक बंध. वर सांगितलं ती मुख्यतः गुंतागुंत आहे, धाग्यात धागा अडकल्यासारखी. पण अलीकडच्या पुष्कळ ॲडहेसिवमध्ये एमडीपी नावाचा फॉस्फेट गट असलेला रेणू असतो. तो दातातल्या कॅल्शियमशी खरोखरच रासायनिक बंध करतो. अशा काही द्रव्यांना वेगळं आम्ल लावून धुवावं लागत नाही. ती स्वतःच सौम्य आम्ल असतात, सगळं खनिज न काढता आत शिरतात. म्हणजे तुमचं पत्रक कुठल्या पद्धतीचं आहे त्यावर 'बंध' बरोबर की चूक ते ठरेल. आणि कानामात्रा, 'सिमेंट' म्हणणारे रुग्णही चूक नाहीत. ग्लास आयोनोमर हे दात भरायचं दुसरं एक द्रव्य सिमेंटच आहे आणि तेही कॅल्शियमला धरतं. फक्त या पत्रकातलं द्रव्य ते नव्हे.

रंधा
धाग्यात धागा म्हणजे वीण. हायब्रिड लेयरला 'विणीचा थर' म्हणा. 'संकरित थर' नको, बियाण्यासारखं वाटतं.

पानगळ
विणीचा थर घेतला. आभार. आता 'ओला'. मूळ वाक्याचा अर्थ असा की आम्ल धुतल्यावर दात पूर्ण सुकवायचा नाही.

दंतुर
हा शब्द चुकला तर अर्थच उलटतो. हवेच्या फवाऱ्याने खडखडीत सुकवलं तर पाण्यावर उभं असलेलं कोलॅजनचं जाळं बसतं, एकावर एक तंतू चिकटतात आणि रेझिनला वाट राहत नाही. पाणी साचलेलं राहिलं तर रेझिन पातळ होतं. हवी ती मधली अवस्था. डबकं नको, पण ओलीची चमक हवी.

कानामात्रा
ओलसर.

अनुस्वार
दमट नव्हे, सादळलेलं नव्हे. सादळणं हवेतल्या ओलाव्याने होतं, काडेपेटी सादळते. इथे पाणी ओतून मग काढलेलं आहे. 'निथळलेला' कसा वाटतो? पाणी गेलं आहे, पण सुकलं नाही.

दंतुर
निथळलेला! आम्ही नुसतं टिपून घेतो, फवारा मारत नाही. निथळलेला अगदी बरोबर.

रंधा
निथळणं आपोआप होतं. टिपलं तर ते 'टिपलेलं'. आणि आम्ल लावण्याला काय म्हणणार आहात? दात आंबवणं?

पानगळ
रंधा, 'दात आंबणे' माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आंबट खाल्ल्यावर दात आंबतात, तेही आम्लच की.

दंतुर
त्यात गल्लत होईल. आम्ल लावण्याला 'आंबवणं' म्हटलं तर रुग्णाला वाटेल भरणीनंतर दात आंबणार. आणि काहींना नंतर तसं होतंही. नळ्यांची तोंडं नीट बंद झाली नाहीत तर गारव्याने किंवा चावताना आतला द्रव हलतो आणि नसेजवळच्या टोकांना ते जाणवतं. स्वीडिश दंतसंशोधक ब्रेनस्ट्रॉम यांनी हा द्रव हलण्याचा सिद्धांत मांडला. पत्रकात याचा परिच्छेद असेलच.

पानगळ
आहे, पुढच्याच पानावर. तिथे मी 'दात शिरशिरणे' लिहिलं आहे.

अनुस्वार
शिरशिरी अंगाला येते. दात आंबतो तरी किंवा त्यात सणक जाते तरी.

कानामात्रा
आंबणं आणि सणक एक नव्हे. आंबलेल्या दाताने चावताना सगळीकडे बोथट, कचकचीत वाटतं. सणक क्षणात येते आणि जाते, तीही एकाच दातात. आमच्या घरात गार पाण्याने होतं त्याला 'शिरशिरणे'च म्हणतात, लहानपणापासून.

रंधा
आमच्याकडे 'दात कळकळतो'.

अनुस्वार
कळकळणं पोटासाठी किंवा जिवासाठी. दातासाठी मी कधीच ऐकलेलं नाही. आणखी कुणी ऐकलं आहे का?