जोडीदार हलला की डाव मोडतो. शिकवताना माझं काय चुकतंय?

तपकिरी_पट्टा:

नमस्कार मंडळी. मी केन्पो या कराटेसारख्या युद्धकलेत थर्ड ब्राउनला, म्हणजे तपकिरी पट्ट्यावर आहे. चार महिन्यांपूर्वी सरांनी नवशिक्यांची बॅच माझ्याकडे सोपवली. ११ जण आहेत, सर्वात लहान १६ वर्षांचा आणि सर्वात मोठ्या काकू ५३ वर्षांच्या. यलो बेल्टच्या १० डावांपैकी ६ शिकवून झालेत.

परवा 'डिलेड स्वोर्ड' घोटवून घेत होते. समोरच्याने उजव्या हाताने गचांडी धरली तर करायचा तो, अगदी सुरुवातीचा डाव. डावा पाय मागे, उजव्या हाताने इनवर्ड ब्लॉक (बाहेरून आत येत समोरच्याचा हात अडवणं), उजवी लाथ जांघेत, आणि तोच पाय पुढे टेकवताना मानेवर हाताच्या कडेचा फटका. सगळ्यांना पाठ आहे. मी आकडे म्हणते, ते करतात, बघायलाही छान वाटतं.

काकूंची जोडी एका उंच मुलाशी लागली होती. त्याने गचांडी धरली आणि सहज, मुद्दाम नाही, स्वतःकडे थोडं ओढलं. काकूंचा पाय मागे जाण्याऐवजी त्या दोन पावलं पुढे खेचल्या गेल्या, ब्लॉक हवेत गेला आणि कपाळ त्याच्या छातीवर आपटलं. लागलं नाही. पण त्या तिथेच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू शिकवतेस ते मी घरी रोज करते. पण खरंच कुणी धरलं तर तो असा खांबासारखा उभा राहणार आहे का?"

मी "सराव वाढला की जमेल" असं काहीतरी बोलले. बोलताना माझं मलाच पटत नव्हतं. तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात आहे. डाव बाजूला ठेवून सरळ स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी मोकळी झुंज, सुरू करू का? माझ्यावर विश्वास टाकून ११ माणसं येतात. त्यांना खोटा धीर देण्याचं पाप मला नको आहे.

रिंगण:

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. मी बॉक्सिंगमधून आलोय आणि दोन वर्षं केन्पोही केलंय. पूर्ण अभ्यासक्रमाचे मूळ डाव १५४ होतात. कुणी अंगावर आलं की त्यातला कुठला काढायचा हे ठरवणार कधी? हिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५२ साली प्रयोगांतून दाखवलंय की पर्याय वाढले की निर्णयाला लागणारा वेळही वाढतो. शिवाय घाबरलेल्या माणसाचे हात थरथरतात, नजर आक्रसते, बोटांची नाजूक कामं जमत नाहीत. चार-पाच फटके, दोन पवित्रे आणि भरपूर स्पारिंग, एवढं पुरे. काकूंचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे.

जुना_चवडा:

ताई, हा प्रश्न पडला याचा मला फार आनंद झाला. मी २७ वर्षं केन्पो शिकवतोय. त्यातली पहिली सहा-सात वर्षं मी तुमच्यासारखेच आकडे म्हणत होतो आणि असा प्रश्न विचारायची हिंमत वर्गात कुणी केली नाही. काकूंना माझा नमस्कार सांगा.

चूक डावात नाही. वर्गातल्या अर्ध्या लोकांना तुम्ही काही शिकवलेलंच नाही, म्हणजे जे धरतात त्यांना. आपण बचाव करणाऱ्याला पाय कुठे, कोपर कुठे, चवडा कुठे हे सगळं सांगतो आणि हल्ला करणाऱ्याला एवढंच म्हणतो, "धर रे त्याला." मग तो हात लांब करून कापड चिमटीत धरतो आणि पुढे काय होतंय याची वाट बघत उभा राहतो. अशी गचांडी कोण धरतं? खरी गचांडी धरणारा एक तर ढकलत भिंतीपर्यंत नेतो, नाही तर हिसडा देऊन जवळ ओढतो. आणि त्याचा दुसरा हात मोकळा असतो, तो हात कशासाठी मोकळा ठेवलाय हे सांगायला नको.

आता हाच डाव हातात घेऊन बघा. समोरचा ढकलतोय तेव्हा डावा पाय मागे जाणं हे त्याच्याच जोराने होतं, तुम्ही फक्त पाय बरोबर जागी टेकवता. तो धरून आहे आणि तुम्ही मागे गेलात, म्हणजे त्याचा हात ताणला जातो आणि वजन पुढच्या पायावर येतं. नेमक्या त्या वेळी ब्लॉक त्याच्या हाताच्या आतल्या बाजूवर बसतो. मुलं त्याला 'अडवणं' समजतात. मी वर्गात त्याला फटकाच म्हणतो, कारण तो हाडावर बसला पाहिजे. आणि तुमचा डावा हात तेव्हा कुठे असतो? छातीसमोर. तो शोभेला नाही, त्याच्या मोकळ्या हातासाठी आहे. धरणाऱ्याचा दुसरा हात कधीच येत नसेल, तर वर्षभरात सगळ्यांचे डावे हात कमरेशी लोंबायला लागतात. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

मग लाथ. इथे एक गोष्ट बारकाईने तपासा. जांघेत लाथ बसलेला माणूस ताठ उभा राहत नाही. कंबर मागे जाते, डोकं पुढे आणि खाली येतं, हनुवटी बाहेर निघते. तुमचा उंच मुलगा लाथेनंतर तसाच ताठ उभा राहत असणार, म्हणून काकू टाच उचलून त्याच्या मानेपर्यंत हात पोचवत असतील. म्हणजे त्या रोज घरी चुकीच्या उंचीवर फटका घोटताहेत. मान खाली येणार आहे, फटका आडवा आणि जवळ हवा. 'डिलेड' हे नावच त्यासाठी आहे. केन्पोच्या भाषेत 'स्वोर्ड' म्हणजे हाताची कड, आणि ती उशिरा येते कारण आधी लाथेने मान हाताच्या टप्प्यात आणायची असते. जोडीदाराने वाकायला शिकलंच पाहिजे. त्याला 'नाटक' म्हणू नका, तोही अभ्यासाचा भाग आहे.

आता ओढण्याचं. समोरचा ओढतोय आणि तुम्ही मागे जायची धडपड करताय, तर त्याचा जोर आणि तुमचा जोर अशी रस्सीखेच होते, आणि ५३ वर्षांच्या बाईंनी उंच तरुणाशी रस्सीखेच करू नये. ओढलं तर जायचं. उजवा पाय पुढे टाका, तो ओढतोय तो जोर उसना घ्या आणि ब्लॉक करणारं मनगट-कोपर सरळ त्याच्या छातीत जाऊ द्या. अंतर मिटलं म्हणून लाथ बसत नाही, मग तिथे गुडघा. हाताची कड कदाचित आधी येईल, कदाचित येणारच नाही. हा वेगळा डाव नाही, त्याच डावाचं दुसरं रूप आहे.

आपल्या अमेरिकन केन्पोचे जनक एड पार्कर, त्यांनी हे लपवून ठेवलेलं नाही. होनोलुलूत १९३१ साली जन्मलेला हा माणूस हवाईतले केन्पो शिक्षक विल्यम चाऊंकडे शिकला, १९५६ मध्ये पॅसाडिनाला स्वतःचा क्लास काढला आणि पुढे आयुष्यभर हीच पद्धत मांडत राहिला. ते डावाच्या तीन पायऱ्या सांगायचे. पहिली 'आयडियल', म्हणजे हल्ला, उत्तर आणि समोरच्याची प्रतिक्रिया सगळं ठरलेलं. दुसरी 'व्हॉट-इफ', त्याने ओढलं तर, दुसरा हात आला तर, लाथ चुकली तर. तिसरी 'फॉर्म्युलेशन', म्हणजे प्रसंगाला बसेल ते तिथल्या तिथे जुळवणं. बहुतेक वर्ग पहिल्या पायरीवर बसून राहतात आणि परीक्षाही तिचीच होते, हे माझं जुनं दुखणं आहे. पार्कर हालचालींना भाषेची उपमा द्यायचे: आधी अक्षरं, मग शब्द, मग वाक्यं. रिंगण, तुमच्या १५४ डावांना माझं उत्तर हेच आहे. बोलताना कुणी पाठ केलेल्या १५४ वाक्यांतून एक निवडत बसत नाही. पण ज्याने एकही वाक्य नीट गिरवलेलं नाही त्याला बोलताही येत नाही. हिकचं म्हणणं खरं आहे, म्हणून तर एका डावाची चार रूपं घोटायची, चाळीस डावांचं एकेक रूप नाही.

ताई, उद्यापासून एक करा. डाव बंद. जोड्या लावा, बचाव करणाऱ्याने डोळे मिटायचे. धरणाऱ्याने पूर्ण मुठीत कापड घ्यायचं आणि ढकलायचं किंवा ओढायचं, आधी न सांगता. बचाव करणाऱ्याने फक्त पाय हलवायचा. ढकललं तर मागे, ओढलं तर पुढे. हात वापरायचे नाहीत. दहा मिनिटं एवढंच. मग ब्लॉक जोडा. मग धरणाऱ्याच्या डाव्या हातात ग्लोव्ह घाला आणि त्याला हळू मारायला सांगा. लाथ मांडीवर धरलेल्या पॅडवर. मानेवर सरावात कधीही मारायचं नाही, हलकंसुद्धा नाही. तिथल्या रक्तवाहिनीवर बसलेल्या फटक्याने माणूस कोसळू शकतो. हात खांद्याच्या मांसावर थांबवा. आणि जोर वाढवायचा अधिकार बचाव करणाऱ्याचा, धरणाऱ्याचा नाही. काकू "अजून" म्हणतील तेव्हाच अजून.

रिंगण:

'एका डावाची चार रूपं' हे पटलं. मी ज्या क्लासमध्ये होतो तिथे दुसऱ्या पायरीचं नावही कुणी घेतलं नव्हतं. तरी स्पारिंग हवंच, यावर मी ठाम आहे. अंगावर ठोसा येताना डोळे उघडे ठेवायची सवय दुसऱ्या कशाने लागत नाही.

जुना_चवडा:

त्याबद्दल वाद नाही. माझ्याकडेही होतं. फक्त चौथ्या महिन्यात नाही.

उघडे_तळवे:

मी बायकांसाठी स्वसंरक्षणाचे वर्ग घेते, म्हणून दोन शब्द. वरची चर्चा गचांडी धरल्यापासून सुरू होते. माझा वर्ग त्याच्या दहा सेकंद आधी सुरू होतो. समोरचा बोलत बोलत जवळ येतो, हात पोचेल एवढ्या अंतरात येतो, आणि आपण भिडेखातर मागे सरत नाही. मी आधी तेच शिकवते. एक पाय मागे, दोन्ही तळवे छातीसमोर उघडे, आणि पोटातून आवाज: "मागे हो!" पहिल्या दिवशी निम्म्या जणींचा आवाजच फुटत नाही. लाथ मारायला कुणी लाजत नाही, ओरडायला लाजतात. मला लाथेपेक्षा या आवाजाला जास्त वेळ द्यावा लागतो. उघडे तळवे बघणाऱ्यांनाही सांगतात की हिला भांडण नकोय, आणि तुमचा ब्लॉक तिथूनच निघतो, म्हणजे वेगळं काही शिकायलाही नको.

आणि शेवटचं पाऊल. केन्पोत डाव संपल्यावर 'कव्हर आउट' करून मागे सरकतात ना? मी पाहिलंय, मुलं ते जमिनीकडे बघत करतात, जणू कवायत संपली. तेव्हाच मान फिरवून बघायचं असतं: याच्याबरोबर आणखी कुणी आहे का, दार कुठे आहे. मी वर्गात मागे उभी राहून बोटं दाखवते आणि विचारते, "किती?" जिला सांगता येत नाही तिने डाव पुन्हा करायचा. सांगता आलं की तिथून पळत दारापर्यंत जायचं.

तपकिरी_पट्टा:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्ग झाला, तो सांगते.

सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलं की काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नव्हतं, ते आज शोधू. मग डोळे मिटून पायांचा सराव घेतला. पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ, ओढलं तरी सगळे मागेच जात होते, कारण मीच चार महिने 'डावा पाय मागे' घोकून घेतलंय. मग हळूहळू शांतता झाली. जोडीदाराच्या मुठीतून जोर कुठे चाललाय हे कळायला लागलं की चेहरा बदलतो, ते पहिल्यांदाच बघितलं. कपाळावरच्या आठ्या जातात.

काकूंना तिसऱ्या फेरीत ओढलं तेव्हा त्या गेल्या. उजवा पाय त्याच्या दोन पायांच्या मध्ये पडला आणि कोपरापासूनचा हात त्याच्या छातीवर टेकला, कुणी न सांगता, मी तर तेव्हा फक्त पाय म्हटलं होतं. तो दोन पावलं मागे गेला. काकूंनी डोळे उघडले आणि विचारलं, "हे मी केलं?" मग त्यांनी आणखी सात-आठ वेळा करून घेतलं.

लाथेनंतर वाकायचंही शिकवलं. जुना_चवडा सर, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं, काकू टाच उचलूनच मारत होत्या. शेवटी 'किती?' विचारलं, ११ पैकी ३ जणांना बोटं दिसली.

एकच अडचण आहे. तो उंच मुलगा काकूंना जीव लावतो, त्यामुळे त्यांना धरताना त्याची मूठ ढिली पडते. "अजून" म्हटलं तरी तो जोर लावत नाही. त्याला कसं समजावू?

जुना_चवडा:

समजावू नका. पुढच्या वर्गात उलटं करा, काकूंना त्याची गचांडी धरू द्या. दोन्ही मुठींनी, पूर्ण जोराने, तिथून हलू द्यायचं नाही असं सांगून. रोज घरी सराव करणाऱ्या बाईंची पकड कशी असते ते त्याला एकदा कळलं की तो त्यांना हलक्या हाताने धरणार नाही.

आणि पुढच्या वेळी 'किती?' ला कितीजण उत्तर देतात ते इथे नक्की लिहा.