विद्यापीठाच्या आवारात सिगारेटसाठी वेगळा कट्टा हवा की नको?

कृष्णाकाठ (धागा सुरू)

इमारतीत ओढायला बंदी आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी सातारा-सांगलीतल्या बऱ्याच कॉलेजांत दुसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाचं दार उघडलं की वास येतोच. बंदीने ओढणारा थांबत नाही, आडोसा शोधतो. आणि तो आडोसा सगळ्यांत वाईट जागी असतो. स्वच्छतागृहाचा एक्झॉस्ट फॅन बंद असतो, जाळीवर धुळीचा थर असतो. पाईप जातात त्या डक्टमधून गरम धूर वर चढतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या झडपांतून आत येतो. ओढला कुणी, खोकतं कोण!

म्हणून माझं म्हणणं: इमारतीत अजिबात नको, जिन्यात नको, गच्चीवर नको. पण आवाराच्या एका टोकाला उघड्यावर जागा ठरवून द्या. दारं-खिडक्यांपासून किमान १० मीटर लांब, आणि इमारतींच्या पूर्वेला. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा धूर वर्गाकडे जाणार नाही. छप्पर चालेल, भिंती नकोत.

वकिलीबाणा

साहेब, जागा छान आखलीत, पण २००३ च्या कोटपा कायद्यात, म्हणजे सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांवरच्या केंद्राच्या कायद्यात, तिला आधार नाही. कलम ४ मध्ये वेगळ्या धूम्रपान जागेची मुभा तिघांनाच आहे: ३० खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा जास्त आसनांचं रेस्टॉरंट आणि विमानतळ. शिक्षणसंस्था त्या यादीत नाही. म्हणजे काचेची बंद खोली, आपोआप मिटणारं दार, हवा थेट बाहेर फेकणारा पंखा असं सगळं केलं तरी विद्यापीठाला ती खोली चालवता येणार नाही.

उरला उघड्या जागेचा मुद्दा. कायद्याच्या व्याख्येत ‘सार्वजनिक ठिकाणा’तून उघडी जागा वगळली आहे, हे खरं. पण २००८ चे नियम, जे २ ऑक्टोबरपासून लागू झाले, ते सांगतात की लोकांची ये-जा असलेली उघडी ठिकाणं या सवलतीत मोडत नाहीत. खुलं सभागृह, मैदान, बसथांबा वगैरे. कँटीनच्या मागच्या झाडाखाली रोज शंभर पोरं जमत असतील, तर ती ‘उघडी जागा’ म्हणून न्यायालयात टिकेल? मला शंका आहे. आणि टिकली तरी कुलगुरूंच्या सहीचं परिपत्रक काढून तिथे ओढायला परवानगी देणार कोण?

रेक्टरकीचा ताप

कट्ट्याला माझा विरोध आहे, पण कारण कायद्याचं नाही, वयाचं आहे. आपल्याकडे सीनियर आणि ज्युनिअर कॉलेज एकाच आवारात. अकरावी-बारावीची पोरं १६-१७ वर्षांची. कट्टा असला की एकाने दिलेली सिगारेट दुसऱ्याच्या हातात जाणार. अल्पवयीनाला तंबाखू देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. हे पोरांना कुणी सांगत नाही.

आता अंमलबजावणी कुठे फसते ते बघा. वॉचमन दंड करू शकत नाही. शिक्षणसंस्थेत तो अधिकार कुलगुरू, संचालक, प्रॉक्टर, प्राचार्य किंवा प्रमुखाला आहे. दंड २०० रुपयांपर्यंतच. तरीही कुठे कुठे ‘कोटपानुसार १००० रुपये दंड’ अशा पाट्या लावतात! पोराने पावती मागितली की सगळे गप्प. जास्त दंड लावायचा तर तो संस्थेच्या शिस्तनियमांखाली, आणि तसं प्रवेशाच्या वेळीच लेखी दिलेलं असलं पाहिजे. दोन्ही गोष्टी एका पाटीवर कालवू नयेत.

पाटीसुद्धा धड नसते. किमान ६० × ३० सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, १५ सेंटिमीटरचं वर्तुळ, त्याची लाल कड ३ सेंटिमीटरची. तक्रार कुणाकडे करायची ते नावानिशी लिहिलेलं हवं. बहुतेक ठिकाणी ए-फोर कागदाची प्रिंट चिकटवलेली, आणि नाव असलंच तर निवृत्त झालेल्या सरांचं.

कृष्णाकाठ

रेक्टरसाहेब, ज्युनिअरचा मुद्दा मान्य, कट्टा त्यांच्या वाटेपासून दूर हवा. पण मला एक सांगा, आज थोटकं कुठे जातात? जिन्यातली आग विझवायची लाल बादली बघा. वर वाळू, वाळूत थोटकं, त्यावर माव्याची पिचकारी. बाकीची थोटकं मागच्या गवतात. साताऱ्यात डोंगरउताराला लागून आवारं आहेत, फेब्रुवारी ते मेपर्यंत गवत कडकडीत. एक जळतं थोटूक आणि वणवा. ओल्या वाळूचं पत्र्याचं डबडं ठेवलं तर हे टळतं.

वकिलीबाणा

तेच डबडं तुमच्या विरोधात पुरावा ठरेल. नियमांनी सार्वजनिक ठिकाणी अॅशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायला मनाई केली आहे. ते ठेवणारी संस्थाच दोषी. शिवाय तक्रार येऊनही प्रमुखाने काही केलं नाही, तर जितके गुन्हे झाले तितक्यांचा दंड त्याच्यावर.

माणदेशी

दोघंबी सिगारेटवरच अडकलाय. आपल्या भागात धुरापेक्षा मळलेली तंबाखू जास्त, आणि कलम ४ फक्त धुराला लागतं. चुना-तंबाखूची पिचकारी थुंकण्याच्या नियमात बसवावी लागते. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद, तरी पुडी मिळतीच.

खरं दुखणं गेटावर हाय. कॉलेजपासून १०० यार्डात, म्हणजे साधारण ९१ मीटरात, विक्रीला बंदी. मोजायचं कुठनं? गेटापासनं नाही, कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासनं, सगळ्या बाजूंनी. बरेच जण गेटापासनं टेप लावत्यात, मग मागच्या बाजूची टपरी सुटती. संस्थेने आधी तेवढा नकाशा काढून नगरपालिकेला आणि पोलिसांना लेखी द्यावा. सुट्टी सिगारेट जवळ मिळाली नाही तर दोन तासिकांमधल्या सुट्टीत लांब जाऊन ओढणारी पोरं निम्मी तरी कमी होतील. कट्ट्याचं मग बघू.

रेक्टरकीचा ताप

माणदेशींशी सहमत. आणि ई-सिगारेटसाठी कट्टा कुणी मागू नये, २०१९ च्या कायद्याने ती विकणं तर सोडाच, साठवणंही गुन्हा आहे. वसतिगृहात ती मोबाईल चार्जरच्या पिशवीत असते, वास गोड येतो, म्हणून कळत नाही. स्मोक डिटेक्टरला पायमोजा किंवा पिशवी बांधलेली दिसली की समजावं. स्वच्छतागृहात डिटेक्टर लावू नका, गिझरच्या वाफेने तो रोज वाजेल आणि महिन्याभरात कुणीतरी त्याची तार काढेल.

कृष्णाकाठ

टपऱ्या हटवा, डिटेक्टर लावा, सगळं कबूल. पण दिवसाला दहा-बारा ओढणारा कारकून किंवा पीएच.डी.चा मुलगा दुपारी तीनला काय करील? तो स्वच्छतागृहातच जाणार.

रेक्टरकीचा ताप

त्याला १८००-११२-३५६ वर फोन करू द्या, तंबाखू सोडण्याची ती राष्ट्रीय मोफत सेवा आहे. सिगारेटची तलफ भागवणाऱ्या निकोटिन गमची मात्रा डॉक्टर ठरवतील. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली पेटवणाऱ्याला सहसा २ ऐवजी ४ मिलिग्रॅमची लागते. गम च्युइंगमसारखा चघळत बसू नये; थोडा चावून झणझण जाणवली की गालाशी दाबून ठेवायचा, नाहीतर उचकी आणि पोटात जळजळ. विद्यापीठाच्या दवाखान्यात हे ठेवलं, तर कट्ट्याच्या छपरापेक्षा स्वस्त पडेल.

कृष्णाकाठ

गम ठेवा, जरूर ठेवा. पण तोवर त्या एक्झॉस्टची जाळी तरी कुणी धुवील का?