मदत हवी आहे: वुडकटमध्ये आकाशात लाकडाचे रेषे हवेत, पण झाडाचा काळा गच्च हवा

मंडळी, मी कलेची विद्यार्थिनी. यंदा लिनोवरून (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापणं) वुडकटवर (लाकडी फळीवर कोरून छापणं) आले आणि आता दुसरं काही सुचत नाहीये. लिनोत हत्यार कुठेही वळवा, मुकाट वळतं. लाकूड स्वतःचं म्हणणं सोडत नाही. रेष्यांच्या (लाकडाच्या तंतूंच्या) दिशेने व्ही-टूल, म्हणजे व्ही आकाराच्या टोकाचं कोरायचं हत्यार, चालवलं की लांबलचक सालपट सरसर निघतं. आडवं गेलं की तेच लाकूड अडून बसतं, कडा फुटतात. मग आधी सुरीने दोन्ही बाजूंनी तिरका छेद द्यायचा आणि नंतर मधलं काढायचं. वेळखाऊ काम, पण मला त्यातच मजा येते. (सही उलटी कोरणं हा मात्र स्वतंत्र छळ आहे.)

आता अडचण. पाईनची फळी आहे, रेषे आडवे. वर पावसाआधीचं आकाश, खाली एक काळंभोर झाड. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याच्या ‘चुंबन’च्या वुडकटमध्ये लाकडाचे रेषेच पार्श्वभूमी होतात, तसं आकाश मला हवंय. प्रेस नाही, तेलाची शाई लावून चमच्याच्या पाठीने घासते. प्रूफमध्ये (चाचणीच्या छापात) आकाशात रेषे जेमतेम दिसतात आणि झाडात नको तिथे पांढरे ठिपके येतात. शाई वाढवली की फांद्यांमधल्या बारीक रेघा बुजतात. एकाच ब्लॉकवर, म्हणजे कोरलेल्या फळीवर, दोन्ही जमेल का?

प्रतिसाद १
जमेल. आकाशाच्या भागावर तारेचा ब्रश रेष्यांच्या दिशेनेच जोर देऊन फिरवा. पाईनमध्ये मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून असतात. मऊ भाग झिजतो, कठीण वर राहतो आणि तोच छापतो. आडवा ब्रश मारू नका, नुसते ओरखडे उठतील. झाडाचा भाग बारीक पॉलिश पेपरने घासून त्यावर लाखेच्या पॉलिशचे पातळ हात द्या, वाळल्यावर पुन्हा हलकं घासा. लाकूड शाई पिणं थांबवतं आणि काळा भरून येतो.

प्रतिसाद २
रोलरही बघा. मऊ रोलर खोलगट भागात शिरतो आणि मेहनतीने उठवलेले रेषे बुजवतो. आकाशाला कडक रोलरने घट्ट शाईचा पातळ थर द्या. झाडावर लहान रोलरने वेगळी शाई लावता येईल. कागद पातळ पण चिवट घ्या. जाड कागदावर चमच्याचा दाब खालपर्यंत पोचत नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! रोलर मऊच आहे माझा, म्हणजे अर्धं उत्तर तिथेच मिळालं. एक शंका: ब्रश कोरण्याआधी की नंतर? काही फांद्या आकाशात घुसल्यात.

प्रतिसाद १
आधी झाडाची बाह्यरेषा सुरीने कापून घ्या, म्हणजे उचकटलेला रेषा तिथे थांबेल. मग झाडावर चिकटपट्टी लावून ब्रश करा, भुसा झटका, पट्टी काढा आणि झाडाला पॉलिश द्या. फांद्यांमधलं बारीक काम शेवटी. आणि हो, मुंक काही वेळा ब्लॉकच करवतीने कापून तुकड्यांना वेगवेगळी शाई लावायचा, मग ते जोडून एकदम छापायचा. फांद्या फार त्रास देऊ लागल्या तर तोही मार्ग आहे, पण आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा.