मदत हवी आहे: ज्यूली ख्रिस्तीचा चौथा चित्रपट कोणता घ्यावा?

ब्रिटिश अभिनेत्री ज्यूली ख्रिस्तीसाठी आमच्या चित्रपट मंडळाने चार रविवार ठेवलेत. तीन ठरले: ऑस्कर मिळवून देणारा ‘डार्लिंग’ (१९६५), शशी कपूरसोबतचा ‘हीट अँड डस्ट’ (१९८३) आणि ‘अवे फ्रॉम हर’ (२००६). या शेवटच्यातली स्मृती हरवत चाललेली पत्नी बघून मी बराच वेळ जागची उठलेच नाही. ‘डॉक्टर झिवागो’ तीन तासांहून मोठा, शिवाय बहुतेकांनी पाहिलेला, म्हणून वगळला.

अडलंय १९७१ पाशी. ‘द गो-बिटवीन’ आणि ‘मकेब अँड मिसेस मिलर’ दोन्ही पुन्हा पाहिले. दुसऱ्यासाठी तिला ऑस्कर नामांकन होतं, पण त्यात पात्रं एकाच वेळी, एकमेकांचं बोलणं चालू असतानाच बोलतात. आमचे प्रेक्षक साठीपुढचे, इंग्रजी सबटायटल वाचत बघणारे. पडद्यावर हे कुणी दाखवलेत का? तिचं काम अशा प्रेक्षकांपर्यंत कशातून जास्त पोचलं?