कंबरदुखीसाठी पाण्यातला व्यायाम: पोहता येत नसेल तर सुरुवात कुठून?

केळीबाग_यावल
सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत, उंची पाच फूट. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ची, म्हणजे कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी सरकलेली दिसते, कळ डाव्या पोटरीपर्यंत जाते. ऑपरेशन नको, पाण्यात चालवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पोहता येत नाही. जळगावात लेडीज बॅचचा टँक आहे, उथळ बाजूला चार फूट पाणी. पण घरचे म्हणतात, मळ्यात शेततळं असताना एवढ्या लांब कशाला? नेमकं काय आणि किती करायचं?

फिजिओ_भुसावळ
ताई, आधी शेततळ्याचं. तिथे त्यांना अजिबात उतरवू नका. प्लॅस्टिकच्या कागदाच्या उतारावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही, धरायला काही नसतं. पट्टीचे पोहणारेसुद्धा त्यातून वर येऊ शकत नाहीत.

टँकचं चांगलं आहे. कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचं साधारण निम्मं वजन येतं, छातीइतक्या पाण्यात एक-तृतीयांशाच्या आसपास. मणक्यावरचा दाबही तसाच हलका होतो, म्हणून जमिनीवर दहा पावलांत कळ उठणारं माणूसही पाण्यात चालू शकतं.

पहिले दोन आठवडे दिवसाआड, फक्त १५ मिनिटं. एक हात कठड्यावर ठेवून पाच मिनिटं पुढे चालायचं. आधी टाच, मग चवडा. इथेच बहुतेकांचं चुकतं: पाणी अडवतं म्हणून माणूस पुढे झुकतो, चवड्यांवर चालतो आणि सगळा ताण पुन्हा कंबरेवर येतो. छाती ताठ, नजर समोर. मग तीन मिनिटं उलटं, दोन मिनिटं आडवं चालणं. त्यानंतर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे. श्वास सोडत बेंबी आत ओढायची, कंबरेची पोकळी भिंतीला टेकवायची, पाच मोजायचे, सोडायचं. असं आठ वेळा. शेवटी कठडा धरून पाय बाजूला फूटभर उचलायचा, दोन्हीकडे दहा-दहा वेळा. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला तीन-चार मिनिटं वाढवा, अर्ध्या तासापर्यंत.

टँककोच_धुळे
वरचं सगळं बरोबर, पण खोलीकडे लक्ष द्या. पाच फूट उंचीच्या बाईला चार फूट पाणी काखेच्याही वर येतं. तिथे पाय तळावर पक्के बसत नाहीत, शरीर तरंगायला लागतं, आणि पोहता न येणारं माणूस घाबरून अंग आखडतं. अंग आखडलं की कंबर आणखी धरते. साडेतीन फूट असलेला टँक मिळाला तर उत्तम. नाहीतर पहिले आठ दिवस कठडा सोडायचाच नाही आणि जाणती बाई शेजारी पाण्यातच हवी, काठावर नाही.

साडी किंवा सुती सलवार पाण्यात घालू नका. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, पायात गुंततं. अंगासरशी बसणारा पोहण्याचा पूर्ण ड्रेस मिळतो, तो घ्या. शुगर असेल तर पायात रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेतच, फरशीने सोललेलं त्यांना कळणार नाही.

बाहेर येताना उभी शिडी नको, पायऱ्या असलेला टँक बघा. पाण्यातून निघताच सगळं वजन एकदम परत येतं आणि कळ नेमकी तेव्हाच उठते. शेवटच्या पायरीवर मिनिटभर थांबायचं, मग बाहेर.

आपल्याकडे उघड्या टँकचं पाणी डिसेंबर-जानेवारीत फार गार असतं, स्नायू आखडतात. या व्यायामाला साधारण ३३ ते ३५ अंशांचं पाणी सर्वांत सोयीचं, पण तसे टँक क्वचितच. थंडी ओसरल्यावर सुरू करा. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळी आठच्या आत आटपा.

केळीबाग_यावल
खूप आभार. शेततळ्याचा विषय बंद केला. दोन शंका: उनपदेवच्या गरम झऱ्यावर नेलं तर? आणि मोबाईलवर पाण्यात गुडघे छातीशी ओढायचा व्यायाम दाखवतात, तो चालेल का?

फिजिओ_भुसावळ
उनपदेवला अंघोळीने अंग सैल होईल, तात्पुरतं बरं वाटेल. पण ते शेकणं झालं, व्यायाम नव्हे. जायचंच तर पाणी आधी हाताने बघा.

गुडघे छातीशी ओढणं सध्या नको. मणक्याची नळी अरुंद झालेल्यांना त्याने आराम पडतो, पण गादी सरकलेल्यांना पुढे वाकून कळ वाढत असेल तर तो उलटा पडतो. त्याऐवजी टँकच्या कोपऱ्यात दोन्ही हात कठड्यांवर पसरायचे, गुडघे थोडे वाकवून पाय सैल सोडायचे. एक-दोन मिनिटं, बस्स.

रोज कळ कुठपर्यंत जाते ते वहीत लिहून ठेवा. पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत अशी वर सरकत असेल तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण आहे. उलट पोटरीतून पावलाकडे उतरली, किंवा व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशीही टिकलं, तर वेळ निम्मा करा. पाऊल उचलताना चवडा घासायला लागला, लघवी अडली किंवा नकळत झाली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.